साच्यात ओतलेली घरं: प्रीकास्ट यार्डातली माझी अडीच वर्षं

सकाळी साडेसहाला पहिला क्यूब फुटायचा. आदल्या संध्याकाळी भिंतींबरोबरच ओतून ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे, १५० मिलिमीटर बाजूचे. काँक्रीटची ताकद तपासायला दाबाच्या मशीनखाली ठोकळा ठेवायचा, काटा चढत जायचा आणि एका क्षणी कोपऱ्यातून चीर जाऊन ठोकळा खचायचा. काटा प्रति चौरस मिलिमीटर २० न्यूटनच्या पुढे गेलेला असेल, तर रात्रीच्या सगळ्या भिंती साच्यातून उचलायला माझी सही मिळायची. मागे राहिला, तर साचे अडकून बसणार, दिवसाचं कास्टिंग लांबणार आणि आठ वाजेपर्यंत मला तीन फोन येणार. जानेवारी २०२२ पासून अडीच वर्षं माझा दिवस असाच उजाडला.

यार्ड शीळफाट्याहून आत, एका खासगी गृहप्रकल्पाला लागूनच होतं. मी तिथे क्वालिटी इंजिनिअर. सहा इमारती, प्रत्येकी सोळा मजले, मजल्याला आठ घरं, म्हणजे एकूण ७६८. घर साधारण ३० चौरस मीटर कार्पेटचं, चौरस फुटांत सव्वातीनशेच्या आतबाहेर. पंतप्रधान आवास योजनेत आर्थिक दुर्बल घटकासाठी तेव्हा हीच मर्यादा होती. भिंती, स्लॅब, जिन्याचे टप्पे, सगळं यार्डात ओतायचं आणि क्रेननं उचलून जागेवर जोडायचं.

मला ही नोकरी का हवी होती, ते सांगायला हवं. आमचे अण्णा गवंडी. माण तालुक्यातल्या दुष्काळातून आले आणि ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याच्या किती इमारतींवर त्यांची थापी चालली, याची त्यांनाही मोजदाद नाही. आम्ही मात्र दिघ्यात दहा बाय बाराच्या खोलीत, पत्र्याखाली. पावसाळ्यात आई पातेली कुठे ठेवायची ते आम्हा भावंडांना पाठ होतं. दुसऱ्यांची पक्की घरं बांधणाऱ्या माणसाच्या घरात पाणी गळतं, हे मला लहानपणापासून खुपत आलंय. डिप्लोमा झाल्यावर पहिली सात वर्षं नेहमीच्या साइटवर काढली. तिथे एकाच इमारतीत चौथ्या मजल्याची भिंत उत्तम आणि सातव्या मजल्याची वाकडी, असं सतत पाहिलं. चौथ्याला चांगला गवंडी होता, सातव्याला तो गावी गेला होता, एवढंच कारण. चांगलं घर मिळणं हे त्या आठवड्यात साइटवर कोण होतं यावर अवलंबून असायचं. कारखान्यात हे थांबेल, असं वाटून मी गेले.

तेव्हा नवी मुंबईत या पद्धतीची चर्चाही खूप होती. सिडकोनं २०२२ मध्येच बामणडोंगरीला ९६ दिवसांत ९६ घरं उभी करून दाखवली, प्रीकास्ट भागांनी. आमच्या यार्डात ती बातमी मोबाइलवर फिरली आणि प्रत्येकानं आपापले आकडे लावून पाहिले. तशी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. दिल्लीत स्वातंत्र्यानंतर लगेचच सरकारनं घरांचा कारखाना काढला होता, तोच पुढे हिंदुस्थान प्रीफॅब झाला. पुण्याच्या शिर्के कंपनीची थ्री-एस पद्धत तर आपल्या लोकांना म्हाडाच्या वसाहतींमुळे माहीत आहे. तरी मी स्वतः पहिल्यांदा आडवी पडलेली भिंत पाहिली तेव्हा बराच वेळ नुसती बघत उभी राहिले.

भिंत आडवीच जन्मते. लोखंडी टेबल, त्यावर चुंबकानं चिकटणाऱ्या बाजूच्या पट्ट्या. आधी टेबल खरवडून साफ करायचं, तेलाचा पातळ हात फिरवायचा. तेल कमी पडलं तर भिंत साच्याला चिकटते, जास्त झालं तर पृष्ठभागावर डाग आणि बारीक भोकं येतात. मग सळयांची जाळी, खाली कव्हर ब्लॉक, म्हणजे जाळी टेबलापासून वर उचलून धरणारे छोटे ठोकळे. विजेचे पाइप आणि स्विचचे डबे आत्ताच बसवायचे, कारण नंतर भिंत फोडून झिरी मारणं नाही. उचलायचे हुक. आणि भिंतीच्या खालच्या कडेला स्लीव्ह, म्हणजे वळ्यावळ्यांच्या पोकळ नळ्या. खालच्या मजल्याच्या भिंतीतून वर आलेल्या सळया या नळ्यांत शिरतात. प्रत्येक नळीला दोन बारीक पाइप जोडलेले असतात, एक खाली, एक वर, दोन्हींची तोंडं भिंतीच्या दर्शनी बाजूला. या दोन पाइपांबद्दल पुढे बरंच सांगायचं आहे.

हे सगळं झालं की माझी तपासणी. टेप लावून मोजायचं, तीन मिलिमीटरच्या आत सगळं बसायला हवं, पॅनलचा क्रमांक लिहिलेली पाटी ठेवून फोटो काढायचा, आणि मगच काँक्रीट. एम-४०, म्हणजे चांगल्या ताकदीचं काँक्रीट, व्हायब्रेटर, वरून घोटाई. एक मधली भिंत सव्वातीन मीटर लांब, पावणेतीन मीटरच्या वर उंच, १५० मिलिमीटर जाड. वजन साडेतीन टनांच्या आसपास.

काँक्रीट रात्रीत कडक व्हावं म्हणून त्याला वाफ द्यायची, पण ती लगेच सोडायची नसते. तीनेक तास काँक्रीट आपलं आपण आवळू द्यायचं, मग तापमान ताशी पंधरा-वीस अंशांनी चढवत साठच्या आसपास न्यायचं. सत्तरच्या वर कधीच नाही. घाई करून जास्त तापवलेलं काँक्रीट सकाळी छान दिसतं, क्यूबही पास होतो, पण पुढे ओल लागत राहिली तर काही वर्षांनी आतून फुगून तडकू शकतं. रात्रपाळीच्या चाचांना मी हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, भातासारखं आहे हे. झाकण ठेवून आच वाढवली की वरून शिजतो, आतून नाही." त्यानंतर बॉयलरच्या वहीत एकदाही सत्तरचा आकडा दिसला नाही.

लोकांना वाटतं, कारखान्यात बनतं म्हणून घर स्वस्त. मीही तसंच समजत होते. यार्डात बसून हिशोब पाहिला तेव्हा कळलं, की साचा, क्रेन, बॉयलर, ट्रेलर हा खर्च आधीच एवढा होऊन बसतो, की पहिली शंभर घरं साध्या पद्धतीपेक्षा महागच पडतात. स्वस्ताई येते ती तोच साचा पुन्हा पुन्हा भरल्यानं. न्हाणीघराची भिंत ७६८ वेळा एकसारखी निघाली तर साच्याचा खर्च प्रत्येक घरावर नगण्य होतो. शिवाय इमारत लवकर उभी राहिली की बिल्डरचं व्याज वाचतं, आणि घर घेणाऱ्याचं भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरण्याचे महिने कमी होतात. या शेवटच्या गोष्टीबद्दल फार कुणी बोलत नाही. ज्यांनी ते महिने काढलेत त्यांना विचारा.

म्हणून मधेच कुणी बदल सुचवला की माझं डोकं उठायचं. शेवटच्या दोन इमारतींसाठी विक्री विभागाला हॉलची खिडकी मोठी हवी होती. कागदावर एक रेघ इकडची तिकडे. यार्डात मात्र त्यासाठी पट्ट्या नव्या, जाळीचं कटिंग नवं, उचलायच्या हुकांची जागा नवी, कारण भिंतीचा तोल बदलला. तीन आठवडे ते टेबल अर्ध्या वेगानं चाललं. खिडकी मोठी झाली हे चांगलंच, घरात उजेड हवाच. पण तो विचार पहिल्या दिवशी व्हायला हवा होता. कारखान्याच्या घरात विचार आधी करावा लागतो, सगळाच्या सगळा.

आणि एक स्पष्ट लिहिते. ठाणे-नवी मुंबईत घराच्या किमतीतला मोठा वाटा जमिनीचा आहे. कारखाना काँक्रीट स्वस्त करेल, वेळ वाचवेल. जमीन स्वस्त करणार नाही. तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली, द्रोणागिरीत सिडकोनं २०१८ मध्ये १४,८३८ घरांची सोडत काढली, तिथे जमीन सिडकोची होती. अशी सार्वजनिक जमीन आणि असे साचे एकत्र आले तरच अण्णांसारख्यांना घर परवडतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अण्णांना मी पहिल्या पावसाळ्याआधी यार्ड बघायला नेलं. त्यांच्या हातातलं काम हे यार्ड काढून घेतंय, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही, त्यामुळे जाताना दोघंही गप्प होतो. त्यांनी उभ्या करून ठेवलेल्या एका भिंतीवर तळवा फिरवला. "गुळगुळीत आहे," म्हणाले. खिशातून ओळंबा काढला, लावला, काही बोलले नाहीत. मग खिडकीच्या वरच्या छज्जाखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "खालून खाच कुठाय?"

छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडं आत, एक बारीक खाच ठेवायची असते. पाणी कडेवरून वळून खालच्या अंगानं भिंतीकडे सरकायला लागलं की त्या खाचेपाशी तुटतं आणि खाली टपकतं. खाच नसेल तर ते पाणी खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचतं. ड्रॉइंगमध्ये ती खाच नव्हती. आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती, माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी मी डिझाइनवाल्यांना फोन केला. त्यांनी मान्य केलं, आणि साच्यात एक अर्धगोल पट्टी वेल्ड केली. बस, एवढंच. त्या दिवसानंतर ओतलेल्या प्रत्येक छज्जाला ती खाच आपोआप आली. अण्णांनी चाळीस वर्षांत हजारो छज्जांना ती खाच हातानं पाडली असेल, आणि ज्या घरांवर ते नव्हते तिथे ती राहूनही गेली असेल. इथे ती एकदा साच्यात बसली आणि पुढच्या शेकडो घरांच्या खिडक्या कोरड्या झाल्या. मला या कामाचं जे काही मोल वाटतं ते त्या पट्टीत आहे. घरी परतताना अण्णा बसमध्ये म्हणाले, "मग तुमच्या त्या साच्यापाशी एखादा म्हातारा गवंडी बसवा की." मी हे मॅनेजरसाहेबांना सांगितलं. त्यांनी खरंच दोन जुने गवंडी तपासणीला घेतले. अण्णा आले नाहीत. गुडघे ऐकत नव्हते.

आता त्या दोन पाइपांबद्दल.

जागेवर भिंत बसवण्याचं काम बघण्यासारखं असतं. खालच्या भिंतीवर लोखंडी चकत्या ठेवून लेव्हल घ्यायची, वीसेक मिलिमीटरची फट राखायची. क्रेन भिंत घेऊन येते, रिगर, म्हणजे क्रेनला भार बांधणारे कामगार, ती हातानं वळवतात, खालून आलेल्या सळया एकेक करून नळ्यांत शिरतात. तिरपे टेकू लावले, ओळंबा पाहिला, की स्लिंग, म्हणजे क्रेनचा पट्टा, सोडायची. मग खालची फट कडेनं बंद करून खालच्या पाइपातून ग्राउट दाबायचं, न आकसणारं सिमेंटचं पातळ मिश्रण. वरच्या पाइपातून ते घट्ट धारेनं बाहेर आलं की नळी भरली. बूच मारायचं, पुढची नळी. मिश्रण कालवल्यापासून वापरायला वेळ अर्ध्या तासाच्या आतच मिळतो, आणि मे महिन्यात त्याहूनही कमी. त्यासाठी आम्ही बर्फाचं पाणी वापरायचो.

दुसऱ्या इमारतीच्या पाचव्या मजल्याचं रेकॉर्ड मी संध्याकाळी तपासत होते. सगळ्या नळ्यांपुढे बरोबरची खूण. पण स्टोअरमधून निघालेल्या ग्राउटच्या पिशव्या अकरा. माझ्या हिशोबानं त्या मजल्याच्या त्या भागाला चौदा लागायला हव्या होत्या. मी पुन्हा मोजलं. मग वर गेले. टीममधल्या एका पोरानं, बिचारा नवा होता, खरं सांगितलं: काही नळ्यांच्या वरच्या पाइपातून काही आलंच नाही, पंप दाब घेईना, म्हणून दोन्ही पाइपांना बूच मारून पुढे गेलो.

एका नळीवर बारीक भोक पाडून आत कॅमेऱ्याची वायर घातली. पडद्यावर सळई दिसली. सुटी, कोरडी, भोवती काहीही नाही.

त्या वेळी सहाव्या मजल्याच्या भिंती चढायला लागल्या होत्या. मी काम थांबवायला लिहून दिलं. साइटकडून माझ्यावर फार दबाव आला. दिवसाला क्रेनचं भाडं किती, ताबा द्यायची तारीख कोणती, तुमच्या एका सहीनं काय होतंय ते बघा, असं सगळं. एका वरिष्ठांनी तर "भिंतीचं वजनच एवढं आहे, ती जाते कुठे," असंही म्हटलं. मला ट्रेनिंगमध्ये दाखवलेला एक फोटो डोळ्यांपुढून हलत नव्हता. पूर्व लंडनमधली रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत, अशाच मोठ्या पॅनलांची. १६ मे १९६८ ला पहाटे अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. स्फोट इतका लहान की ज्या बाईंच्या स्वयंपाकघरात झाला त्या वाचल्या. पण एक बाहेरची भिंत निसटली, वरचे मजले खाली आले, त्यांच्या भारानं खालचे गेले, आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा कोसळला. ४ माणसं मेली. इमारतीत लोक राहायला येऊन दोन-तीन महिनेच झाले होते. १९८० च्या दशकात ती इमारत उतरवली तेव्हा काही सांध्यांत मसाल्याच्या जागी वर्तमानपत्राचे बोळे सापडले. भिंती मजबूत होत्या. सांधे नव्हते.

मी सही केली नाही. डिझाइन ऑफिसचे सर पुण्याहून आले, त्यांनी माझ्या बाजूनं लिहून दिलं, तेव्हा वाद मिटला. चार दिवस आम्ही एकेक नळी ठोकून, भोक पाडून पाहिली. रिकाम्या सापडल्या त्यांत बाजूनं भोक पाडून पुन्हा ग्राउट भरलं आणि पुन्हा कॅमेरा घातला.

मूळ कारण साइटवर नव्हतंच. ते माझ्या यार्डात होतं. कास्टिंगच्या वेळी वरच्या पाइपाचं तोंड साच्याला नीट टेकलं नव्हतं, सिमेंटचं पाणी आत शिरून तो आतल्या आत बंद झाला होता. भिंत देखणी, मापात, क्यूब पास, आणि आत बोटभर जागेत चोंदलेला पाइप. मी त्या भिंतींवर सही केली होती. या गोष्टीचा मला आजही त्रास होतो. साचा चांगली गोष्ट शंभर वेळा करतो तशीच चुकीची गोष्टही शंभर वेळा करतो, तेवढ्याच इमानदारीनं.

त्यानंतर नियम केला: भिंत ट्रेलरवर चढण्याआधी प्रत्येक पाइपात हवा मारायची, मग पाणी सोडायचं, खालून घातलेलं पाणी वरून आलं की तिथे हिरवा ठिपका. ज्या भिंतीवर सगळे ठिपके नाहीत ती यार्डाबाहेर नाही. हे काम आम्ही यार्डातल्या बायकांच्या टीमला दिलं. पूर्वी त्या साइटवर डोक्यावरून रेती वाहायच्या. इथे शेडखाली, कमरेच्या उंचीवर काम, आणि त्यांच्या ठिपक्याशिवाय ट्रेलर हलत नाही. त्यांच्यातल्या एका मावशींनी एकदा ड्रायव्हरला दोन तास थांबवून ठेवलं होतं. मी मधे पडले नाही.

पहिल्या दोन इमारतींचा ताबा २०२४ च्या सुरुवातीला दिला. मी मे महिन्यापर्यंत यार्डात होते, पुढे तक्रारी बघायच्या कामावर गेले. जुलैचा पाऊस आला तेव्हा मला झोप नव्हती. बाहेरच्या सांध्यांत आधी फोमची दोरी, वर सीलंट, असं भरलेलं असतं. पाइपनं पाणी मारून आम्ही सगळं तपासलं होतं, पण नवी मुंबईचा आडवा पाऊस वेगळा. नऊ घरांतून ओलीच्या तक्रारी आल्या. सातांत सीलंट धुळीवर भरल्यामुळे सुटलं होतं, ते काढून नव्यानं भरलं. दोन घरं अण्णांच्या आधीची, खाच नसलेल्या छज्जाची निघाली. त्या सगळ्या जुन्या छज्जांना मग खालून पट्ट्या बसवल्या.

उन्हाळ्याचीही तक्रार खरी आहे. पश्चिमेची काँक्रीटची भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब घरात सोडते. विटेपेक्षा हे जास्त जाणवतं. पुढच्या प्रकल्पात त्या बाजूच्या भिंतीत मधे थर्माकोलसारखा थर असलेलं पॅनल घ्यावं, असं मी लिहून दिलंय. खर्च वाढेल, पण पंखा लावूनही झोप लागत नसेल तर त्या घराला चांगलं म्हणणं मला पटत नाही.

ऑगस्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी बोलावलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कुणा मिस्त्रीनं खडूनं मोठा चौकोन आखून ठेवला होता. हॉल मोकळा दिसावा म्हणून मधली भिंत फोडायची होती. शेजारच्या दोघांनीही त्याच मिस्त्रीला सांगितलं होतं. मी दारातच थबकले. आपल्याकडे खांब-तुळयांच्या इमारतीत मधली भिंत पाडणं सर्रास चालतं, त्यामुळे लोकांना ते गैर वाटत नाही. बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज चार्ल्स कोरिया यांनी आखलं ते तर माणसांनी आपलं घर आपल्या गरजेप्रमाणे वाढवावं म्हणूनच. ती मुभा आमच्या घरांत नाही. इथे भिंत हाच खांब.

"काकू, या भिंतीवर वरची तेरा घरं उभी आहेत," मी म्हणाले.

त्या बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिल्या. मग ओला फडका आणून त्यांनी खडू पुसला. "मग देव्हारा तरी लावू देशील ना गं? खिळा ठोकला तर वाकतो मेला. चार वाकले."

खिळा वाकणारच, एम-४० आहे. ड्रिल लागतं, आणि आत विजेचा पाइप कुठून गेलाय ते माहीत असावं लागतं. दाराच्या मागच्या कोपऱ्यात रंगाखालून पॅनलचा क्रमांक अजून वाचता येत होता. मी मोबाइलवर शोधला. मार्च २०२३, सकाळचे दहा चाळीस, आडवं टेबल, सळयांची जाळी, डाव्या बाजूनं वर गेलेला पांढरा पाइप आणि जाळीवर ठेवलेली पाटी. काँक्रीट ओतण्याआधीची त्यांची भिंत. काकूंनी चष्मा लावून फोटो पाहिला, पाइपावर बोट ठेवलं, मग भिंतीवर तीच जागा चाचपली.

मी उजवीकडे पेन्सिलीनं दोन ठिपके काढले. त्यांच्या मुलानं ड्रिल चालवलं. पाइप लागला नाही.